पाण्याकडे उघडणारे दरवाजे

बर्मिंगहॅम शहरात सोहो लूप नावाचा कालव्याचा एक जुना वळसा आहे. त्याच्या काठाने चालताना पलीकडच्या तीरावर एका कारखान्याच्या भिंतीत, चांगल्या पुरुषभर उंचीवर, एक रुंद दरवाजा दिसतो. म्हणजे एके काळी तो दरवाजा होता. आता तो विटांनी बुजवलेला आहे आणि नव्या विटांचा रंग जुन्या विटांपेक्षा किंचित फिका असल्यामुळेच तो ओळखू येतो. त्याच्या खाली पायरी नाही, ओटा नाही, वाट नाही. भिंत सरळ पाण्यात उतरते. वरच्या बाजूला लोखंडी तुळईचा हातभर तुकडा बाहेर आलेला आहे, आणि त्याला कधी काळी कप्पी टांगलेली असणार हे समजायला फार विचार करावा लागत नाही. हा दरवाजा माणसांच्या ये-जा करण्यासाठी नव्हताच. तो बोटीसाठी होता. बोट खाली येऊन उभी राहायची, वरून दोर सुटायचा आणि माल पाण्यावरून थेट कारखान्याच्या पोटात जायचा.

या शहरात राहायला आल्यानंतरची पहिली काही वर्षे मला इथले कालवे जवळजवळ दिसलेच नाहीत. रस्त्यावरून जाताना उंच विटांच्या भिंती लागत, मध्येच रस्ता किंचित वर चढून पुन्हा उतरे, आणि तो चढ म्हणजे पूल होता हे बसमध्ये बसलेल्या माणसाच्या ध्यानातही येत नसे. एकदा अशाच एका पुलाच्या कठड्यात लाल रंगाचे छोटेसे दार दिसले. पुलाच्या कठड्याला दार कशासाठी, म्हणून मी थांबले आणि वाकून पाहिले, तर खाली पाणी होते, पाण्याकाठी वाट होती आणि वाटेच्या पलीकडे एका अखंड रांगेत उभ्या असलेल्या इमारती होत्या, ज्यांच्या नुसत्या पाठी मी रोज पाहत आले होते. ते लाल दार आगीच्या बंबांसाठी होते. आग लागली की ते उघडून रबरी नळी कालव्यात सोडायची आणि पाणी खेचायचे. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर बॉम्ब पडत होते तेव्हा हे पाणी हाताशी असणे किती मोलाचे होते, हे वेगळे सांगायला नको. त्या दिवसापासून मी हे शहर खालून पाहायला लागले, आणि त्यातही मला सर्वांत जास्त ओढ लागली ती मुख्य कालव्याच्या दोन्ही बाजूंना राहून गेलेल्या जुन्या वळशांची.

हे वळसे का निर्माण झाले, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या काठच्या इमारती वाचता येत नाहीत. बर्मिंगहॅम कालव्याला संसदेची मंजुरी मिळाली १७६८ साली, आणि जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या आखणीनुसार त्याचा पहिला भाग १७६९च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. वेन्सबरीच्या खाणींतला कोळसा शहरात आणणे हा त्यामागचा पहिला हेतू होता. खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून घोड्यांच्या पाठीवर आणि गाड्यांत भरून येणारा कोळसा आता बोटीने येऊ लागला आणि शहरातला त्याचा भाव झपाट्याने खाली आला. १७७२मध्ये हा कालवा वुल्व्हरहॅम्प्टनच्या पलीकडे जाऊन दुसऱ्या मोठ्या कालव्याला मिळाला, आणि त्याच वर्षी ब्रिंडलीचे निधन झाले. त्याची काम करण्याची रीत जमिनीशी न भांडण्याची होती. टेकडी आली तर तिला वळसा घालायचा, खोलगट भाग आला तर त्याच्या कडेकडेने जायचे आणि शक्य तितका काळ एकाच समोच्च रेषेला, म्हणजे एकाच उंचीच्या पातळीला, धरून राहायचे. याला कारण होते. डोंगर फोडायला आणि भराव घालायला पैसा लागतो, आणि प्रत्येक लॉक, म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा दरवाजांचा हौद, बांधायला पैसा तर लागतोच, शिवाय दर वेळी बोट वर-खाली करताना वरच्या पातळीवरचे पाणी खाली निघून जाते. बर्मिंगहॅमच्या बाजूचा कालवा समुद्रसपाटीपासून ४५३ फुटांच्या पातळीवर आहे, आणि ती पातळी सांभाळत तो शहराच्या पश्चिमेकडे नागमोडी वळणे घेत जात असे. पूर्ण लांबी भरली साडेबावीस मैलांहून थोडी अधिक.

पन्नास वर्षांत हाच कालवा अपुरा पडू लागला. १८२४ साली थॉमस टेलफर्ड या अभियंत्याला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले, तेव्हा त्याला जे दिसले त्याचे वर्णन त्याने वाकड्यातिकड्या चरापेक्षा फारसे वेगळे नाही अशा शब्दांत केले. काठाची वाट इतकी खचलेली होती की बोट ओढणारे घोडे घसरून पाण्यात जात, समोरासमोर आलेल्या बोटींचे दोर एकमेकांत अडकत आणि लॉकपाशी आधी कोण जाणार यावरून नावाड्यांची भांडणे चालत. टेलफर्डने जुन्या कालव्याची डागडुजी केली नाही. त्याने त्याच्यामधून सरळ रेष ओढली. जिथे टेकडी होती तिथे खोल खोदकाम केले, जिथे खोलगट होते तिथे भराव घातला, कालवा ४० फूट रुंद केला आणि दोन्ही काठांना ओढवाट दिली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या घोड्यांना एकमेकांसाठी थांबावे लागू नये. हे सगळे काम पूर्ण व्हायला १८३८ साल उजाडले आणि तोपर्यंत मार्ग सुमारे ७ मैलांनी कमी झाला होता.

सरळ रेष ओढल्यावर जुन्या वळणांचे काय झाले, हा मला या सगळ्या कथेतला सर्वांत जिवंत प्रश्न वाटतो. कागदावर पाहिले तर ती वळणे त्या क्षणी निरुपयोगी झाली होती. कोणाही दूरच्या प्रवाशाला त्यांतून जाण्याचे कारण उरले नव्हते. पण ती बुजवली गेली नाहीत, कारण मधल्या पन्नास वर्षांत त्या वळणांवर कारखाने येऊन बसले होते. त्यांच्या भट्ट्यांना कोळसा याच पाण्यावरून येत होता, तयार माल याच पाण्यावरून जात होता, आणि वाफेची इंजिने थंड करण्यासाठी लागणारे पाणीही ते इथूनच उचलत आणि कोमट करून परत सोडत. कालवा कंपनीचे उत्पन्नही या गिऱ्हाइकांवरच अवलंबून होते. शिवाय नवा कालवाही ४५३ फुटांच्याच पातळीवर असल्यामुळे वळशाच्या दोन्ही टोकांना लॉक लागत नव्हते. मुख्य कालव्यातून बोट बाजूला वळवली की ती वळशात शिरली. म्हणून उझल्स स्ट्रीट, इकनील्ड पोर्ट आणि सोहो हे तीन वळसे आजही पाण्याने भरलेले आहेत. ते वारसा म्हणून कोणी जपले नव्हते. कोणाचे तरी रोजचे काम त्यांच्यावर चालत होते, एवढ्यानेच ते टिकले, आणि म्हणूनच त्यांच्या काठची प्रत्येक इमारत मला त्या टिकण्यामागचा साक्षीदार वाटते.

मी बहुतेक वेळा गॅस स्ट्रीट बेसिन या कालव्याच्या गोदीपासून निघते. इथे उपाहारगृहे आणि रंगीत नॅरोबोटींची, म्हणजे या कालव्यांच्या अरुंद, लांबट बोटींची, गर्दी असते, आणि पर्यटक छायाचित्रे घेत असतात त्या अरुंद दगडी पट्टीचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. तिचे नाव वुस्टर बार. बर्मिंगहॅम कालव्याच्या मालकांना नव्याने येणाऱ्या वुस्टर कालव्याची भीती वाटत होती. आपले पाणी तिकडे वाहून जाईल आणि आपला व्यापारही जाईल. म्हणून दोन कालव्यांच्या मध्ये ७ फुटांची भिंत ठेवण्याची अट घातली गेली. सुमारे २० वर्षे एका बाजूच्या बोटीतला माल माणसांनी उचलून त्या भिंतीवरून पलीकडच्या बोटीत ठेवला, आणि १८१५ मध्ये लॉक बसवल्यानंतर कुठे बोटी आरपार जाऊ लागल्या. मी त्या पट्टीवर उभी राहते तेव्हा दोन्ही बाजूंचे पाणी मला एकसारखेच दिसते. ७ फुटांच्या त्या अंतरात किती खांदे झिजले असतील, हा विचार मात्र दर वेळी येतो.

तिथून ब्रॉड स्ट्रीटच्या खालून जाणारा बोगदा ओलांडला की ओल्ड टर्न नावाचा चौक लागतो. पाण्याच्या मधोमध एक गोल बेट आहे, रस्त्यावरच्या चक्राकार चौकासारखे दिसणारे. ते वाहतूक वळवण्यासाठी असावे असे वाटते, पण ते बांधले गेले युद्धकाळात. खालून रेल्वेचा बोगदा जातो. कालव्यावर बॉम्ब पडून तळ फुटला असता तर मैलोन्‌मैल साठलेले पाणी त्या बोगद्यात उतरले असते. म्हणून पाण्याची वाट अरुंद करून तिथे चटकन फळ्या टाकता याव्यात यासाठी हे बेट घातले. उझल्स स्ट्रीटचा वळसा इथूनच डावीकडे जातो. तो आज घरांच्या गच्च्यांनी वेढलेला आहे आणि त्याच्याविषयी मला फार सांगण्यासारखे नाही. जुन्यातले जवळजवळ काहीच शिल्लक राहिलेले नाही.

पण त्याच टापूत, मुख्य कालव्याच्या काठावर, शीपकोट स्ट्रीटला लागून एक इमारत आहे, जिच्यासमोर मी प्रत्येक फेरीत थांबते. तिला राउंडहाउस म्हणतात, आणि ती घोड्याच्या नालाच्या आकाराची आहे. १८७४च्या सुमारास शहराच्या नगरपालिकेने ती तबेले आणि कोठारे म्हणून बांधून घेतली. रस्ते झाडणारे, रस्ते दुरुस्त करणारे आणि गॅसचे दिवे लावणारे यांचा संसार इथून चाले. लाल विटांचा तो अर्धगोल, मधले दगडी फरसबंद अंगण आणि त्याभोवती घोड्यांच्या खोल्या पाहिल्या की त्या आकाराचे कारण लगेच उमगते: मधल्या अंगणात गाडी वळवायला जागा हवी आणि प्रत्येक घोडा अंगणातून सारख्याच अंतरावर हवा. बरीच वर्षे ती रिकामी पडून होती. २०२१मध्ये दुरुस्ती करून ती पुन्हा उघडली, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी तिला गुळगुळीत केले नाही याबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते. उंबऱ्यांचे दगड जिथे झिजले होते तिथे ते झिजलेलेच ठेवले आहेत.

इथून पुढे टेलफर्डची सरळ रेष सुरू होते. सरळ कालव्याच्या काठाने चालण्यात एक प्रकारची सुन्न करणारी शिस्त असते; समोर दूरवर पुलाची कमान दिसते आणि ती जवळ येता येत नाही. डोळ्यांना काम उरत नाही, म्हणून पाय आपोआप वेग घेतात. टेलफर्डला हेच साधायचे होते, आणि त्याने ते साधले यात शंका नाही. पण थोड्याच वेळात डावीकडे ओतीव लोखंडाचा एक नाजूक पूल दिसतो, ज्याच्याखालून इकनील्ड पोर्टचा वळसा बाजूला निघतो, आणि त्या तोंडाशी चालण्याची गती बदलते.

त्या लोखंडी पुलांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. वळशांच्या तोंडांवर ओढवाट खंडित होऊ नये म्हणून १८२०च्या दशकात टेलफर्डच्या कामात असे पूल घालण्यात आले, आणि त्यांतल्या पुष्कळांवर टिप्टनच्या हॉर्सली लोखंड कारखान्याचे नाव ओतलेले आहे. दुरून पाहिले तर त्यांची बारीक तिरप्या पट्ट्यांची जाळी लेससारखी वाटते. जवळ जाऊन कठड्याच्या कडेवरून बोट फिरवले की वेगळेच काही हाताला लागते. लोखंडात खाचा पडलेल्या आहेत, एकीशेजारी एक, काही करंगळी बसेल एवढ्या खोल. पहिल्यांदा मला वाटले की त्या मुद्दाम पाडल्या असाव्यात. त्या दोराने पडल्या आहेत. घोडा पुलावरून जाई, बोट खालून जाई आणि त्यांच्यामधला ताणलेला दोर कठड्याला घासत जाई. दोर काठाच्या मातीत लोळलेला असल्यामुळे त्याला वाळूचे कण चिकटलेले असत, आणि सुताचा दोर त्या वाळूमुळे कानशीसारखे काम करी. सत्तर फूट लांब आणि ७ फूट रुंद अशी, पंचवीस टनांच्या आसपास माल भरलेली बोट एक घोडा ओढून नेत असे. शंभराहून अधिक वर्षे, दिवसाला कितीतरी वेळा, एका लोखंडाच्या कडेवरून दोर जात राहिला, तेव्हा ही खाच पडली. काही ठिकाणी खाचांचा कोनही सांगतो की बोट सरळ जात होती की वळशात वळत होती. वळणाऱ्या बोटीचा दोर तिरपा घासतो.

इकनील्ड पोर्टच्या वळशात शिरल्यावर समोर मातीचा एक उंच बांध दिसतो. त्याच्या मागे रॉटन पार्कचा जलाशय आहे, ज्याला आता एजबॅस्टन जलाशय म्हणतात. क्रिकेटमुळे हे नाव मराठी वाचकाच्या ओळखीचे असेल, पण मैदान शहराच्या दुसऱ्या भागात आहे. इथे आधी एक लहान तळे होते. टेलफर्डने १८२०च्या दशकात त्याचा मोठा जलाशय केला, कारण कालवा कितीही सरळ केला तरी त्याला पाणी पुरवावेच लागते, आणि बर्मिंगहॅम पठारावर वसलेले शहर असल्यामुळे इथे मोठी नदी नाही. पाण्याची ही तंगी या कालव्याच्या जन्मापासूनची आहे. स्मेदिकच्या चढावर लॉकमधून खाली गेलेले पाणी पुन्हा वर उपसण्यासाठी १७७९ साली बोल्टन आणि वॅट यांचे वाफेचे इंजिन बसवण्यात आले होते, आणि ते एक शतकाहून अधिक काळ काम करत राहिले. ते इंजिन आज शहराच्या विज्ञान संग्रहालयात आहे, आणि अजून चालू शकणाऱ्या वाफेच्या इंजिनांमध्ये ते जगातले सर्वांत जुने मानले जाते. जलाशयाच्या पायथ्याशी, वळशाच्या काठावर, कालव्याच्या देखभालीचे जुने आवार आहे: विटांच्या कार्यशाळा, पाण्यावर छप्पर घातलेली गोदी, बांधाच्या सावलीतला ओलसर काळोख. या आवाराची मांडणी पाहिली की एक गोष्ट स्पष्ट कळते. कालव्याकडे तोंड करून उभी असलेली इमारत रस्त्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या इमारतीपेक्षा वेगळी विचार करते. रस्त्याकडची बाजू लोकांना दाखवण्यासाठी असते. तिला कमानी असतात, नावाची पाटी असते, दारावर नक्षी असते. पाण्याकडची बाजू कामासाठी असते. तिथे खिडक्या जिथे उजेड हवा तिथेच आहेत, दरवाजा जिथे माल चढतो तिथेच आहे, आणि भिंतीचा कोपरा जिथे बोट घासू शकते तिथे गोल केलेला आहे. कोणी पाहणार आहे याची काळजी न करता बांधलेल्या या बाजूंमध्ये मला इमारतीचा खरा स्वभाव दिसतो.

वळसा आणि सरळ कालवा यांच्यामध्ये जी जमीन अडकली आहे ती चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली आहे, म्हणजे एका परीने बेटच. पूर्वी तिच्यावर कारखाने होते. आता हजाराहून अधिक घरांचा आराखडा घेऊन तिथे नवी वसाहत उभी राहते आहे, आणि बरीच घरे उभी राहिली आहेतही. नव्या वसाहतींविषयी सरसकट नाराजी व्यक्त करणे सोपे असते, आणि मला ते योग्य वाटत नाही. त्या घरांना बागा आहेत, मुले पाण्याकाठी सायकली चालवतात, आणि जी जागा वर्षानुवर्षे पत्र्यांच्या कुंपणामागे होती ती पुन्हा चालण्याजोगी झाली आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की नवी इमारत पाण्याकडे पाहते ती केवळ दृश्य म्हणून, आणि जुनी इमारत पाण्याकडे पाहायची ती रस्ता म्हणून. तो फरक पुसला जाऊ नये. जिथे एखाद्या कारखान्याची खासगी शाखा मुख्य पाण्यातून आत जात असे, तिथे ओढवाटेवर विटांचा एक छोटा चढ उरलेला असतो. खालची शाखा केव्हाच बुजली, पण वाट अजून तिच्यावरून कमरेत वाकून जाते. त्या चढावर घोड्याचे खूर घसरू नयेत म्हणून आडव्या विटांच्या पट्ट्या उंच काढलेल्या असतात, स्टॅफर्डशायरच्या कठीण निळसर विटांच्या. असा चढ सपाट करून तिथे डांबर टाकले की एका कारखान्याचा शेवटचा पुरावा गेला. माहितीचा फलक कितीही चांगला लिहिला तरी तो पायाला लागत नाही. हा चढ पायाला लागतो.

रॉटन पार्क जंक्शनला इकनील्ड पोर्टचा वळसा मुख्य कालव्याला परत येऊन मिळतो आणि बरोबर समोरून, दुसऱ्या काठाने, सोहोचा वळसा सुरू होतो. हा चौक मला फार आवडतो. इथे उभे राहिले की ब्रिंडलीचा कालवा आणि टेलफर्डचा कालवा एकमेकांना छेदताना दिसतात. जुना कालवा दक्षिणेकडून येतो, सरळ रेषेला ओलांडतो आणि उत्तरेकडे निघून जातो, जणू मध्ये कोणी आडवे आलेच नाही.

वाफेच्या इंजिनांच्या संदर्भात आधी आलेल्या मॅथ्यू बोल्टनचा कारखानाही सोहो याच नावाचा होता. त्या कारखान्यापर्यंत या वळशातून एक छोटी शाखा जात असे, आणि तिचा उरलेला भाग आज हॉक्ली पोर्ट म्हणून ओळखला जातो. रेल्वे आली तेव्हा तिने कालव्याला मारून टाकले, असे सर्वसाधारणपणे समजले जाते, पण बर्मिंगहॅममध्ये तसे घडले नाही. रेल्वेचे डबे शहरातल्या प्रत्येक कारखान्याच्या दारात जाऊ शकत नव्हते; बोट जाऊ शकत होती. म्हणून स्थानकांच्या शेजारी माल अदलाबदलीच्या गोद्या झाल्या, आणि हॉक्ली पोर्ट त्यांपैकीच एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कालव्यांच्या जाळ्यावरून वर्षाला ८० लाख टनांहून अधिक माल जात होता, आणि त्यातला पुष्कळसा अगदी थोड्या मैलांचा प्रवास करत होता. आज हॉक्ली पोर्टमध्ये लोक बोटींवर राहतात. एका सकाळी एक बाई बोटीच्या छतावर बसून दोर गुंडाळत होत्या. मी विचारले की या वळणांवर बोट चालवणे अवघड जाते का. त्या म्हणाल्या, वळणाचा त्रास नाही, वाऱ्याचा आहे; सरळ कालव्यात वारा एकाच बाजूने येतो, इथे दर शंभर पावलांवर तो बाजू बदलतो. त्यानंतर मी वळशावरून जाताना वाऱ्याकडे लक्ष देऊ लागले, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले.

पुढे वळशाचा सर्वांत शांत आणि सर्वांत अस्वस्थ करणारा भाग लागतो. काठाला उंच भिंती येतात. एका भिंतीमागे विन्सन ग्रीनचा तुरुंग आहे, जो १८४९ मध्ये सुरू झाला आणि आजही तुरुंगच आहे. त्याच्याच शेजारी १८५० मध्ये मनोरुग्णालय उघडले गेले, आणि १८५२ मध्ये अगदी जवळच शहरातल्या निराधार गरिबांसाठी वर्कहाउस बांधण्यात आले. तीन वर्षांत तीन इमारती. ज्यांना शहर आपल्या डोळ्यांसमोर ठेवू इच्छित नव्हते, त्या गुन्हेगारांना, मनाने आजारी असलेल्यांना आणि गरिबांना त्याने कालव्याच्या सोडून दिलेल्या वळणावर आणून ठेवले. त्या काळी हा भाग शहराच्या कडेचा माळ होता आणि जमीन स्वस्त होती, हे कारण खरेच आहे. पण नकाशावर त्या तीन इमारती एका वाकड्या पाण्याभोवती दाटीवाटीने बसलेल्या पाहिल्या की त्या कारणाने मनाचे समाधान होत नाही. वर्कहाउसच्या दाराला लोक अश्रूंची कमान म्हणत, कारण आत शिरताना कुटुंबातली माणसे वेगवेगळी केली जात. पुढे त्याच आवारात रुग्णालय वाढले आणि कित्येक पिढ्या तिथे जन्मल्या. २०२४मध्ये त्याचे बरेचसे काम स्मेदिकच्या नव्या रुग्णालयात हलले, आणि योगायोग असा की तेही कालव्याच्या एका जुन्या फाट्याजवळच आहे. या भिंतींना पाण्याकडे दरवाजे नाहीत. कारखान्यांच्या भिंती पाण्याकडे उघडत होत्या; या भिंती पाण्याकडेही बंदच होत्या. वळशाच्या काठच्या साऱ्या इमारतींमध्ये मला इथे थांबायला सर्वांत जास्त जड जाते, आणि म्हणूनच मी इथे थांबते.

विन्सन ग्रीनला वळसा मुख्य कालव्याला मिळतो. इथे पाण्याच्या मध्यभागी एक लांबट बेट आहे, जकात घेण्याचे. बोट त्याच्या बाजूच्या अरुंद वाटेत शिरली की कारकून एक मोजपट्टी घेऊन बोटीचा काठ पाण्यावर किती इंच उरला आहे ते ठिकठिकाणी मोजायचा. प्रत्येक बोट नवी असताना ज्ञात वजने तिच्यात भरून ती किती खाली जाते याचा तक्ता केलेला असे. त्या तक्त्यात इंच पाहिले की टन कळत आणि टनांवरून जकात ठरे. या साध्या पट्टीवर कंपनीचा सगळा डोलारा उभा होता. बेटावरचे चौकीघर आता नाही, पण दगडाच्या कडा अजून घट्ट आहेत, आणि कडेच्या निळ्या विटांवर बोटी घासल्याच्या रेघा आहेत.

गेल्या शरद ऋतूत मी इथपर्यंत आले आणि नेहमीप्रमाणे परत न फिरता पायऱ्या चढून रस्त्यावर गेले. सुरुवातीला सांगितलेला तो बुजवलेला दरवाजा ज्या इमारतीला आहे, तिची दुसरी बाजू मला पाहायची होती. ती ओळखायला बराच वेळ लागला. रस्त्याकडून तिच्यावर पत्र्याचे आवरण आहे, दाराला गुंडाळता येणारे शटर आहे आणि समोर गाड्या उभ्या करण्यासाठी पांढऱ्या पट्ट्या मारल्या आहेत. तिचे वय दोनशे वर्षांच्या जवळपासचे असेल असे कोणालाही वाटणार नाही. शेवटी छपराच्या करवतीच्या दातांसारख्या कडांवरून मी तिला ओळखले. बाजूच्या गल्लीतून पुढे गेले तर गल्ली एका पुलावर निघाली, आणि पुलाच्या कठड्यात आगीच्या बंबाचे लाल दार होते, गंजाने बंद झालेले. मी टाचा उंचावून कठड्यावरून खाली पाहिले. फिक्या विटांचा तो चौकोन उजव्या हाताला होता, तुळईच्या तुकड्यावर एक कबूतर बसले होते आणि खालून एक नॅरोबोट अतिशय हळू, भिंतीपासून जेमतेम हातभर अंतर राखून, वळण घेत होती.